मर्लचा केक आणि पतंगांचं वर्ष

हे कुणाला खरं वाटणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या भावाला वाटलं नाही, पाद्रीबाबांना वाटलं नाही, आणि आमच्या कुत्र्याने तर मी सुरुवात केली की उठून बाहेर जायची सवयच लावून घेतली होती. तरी मी सांगणार. पतंगांच्या, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या त्या पंखवाल्या किड्यांच्या बाबतीत या उभ्या पठारावर माझ्याइतका अनुभव कुणाच्या गाठीला नाही, आणि खोटं बोलून मला मिळणार काय? फार तर चहाबरोबर एखादा स्कोन, तो लोण्यातला छोटा पाव, जास्त.

गेल्या गुरुवारी गावच्या हॉलमध्ये मी हे सांगितलं, तेच इथे लिहून काढतो. गुरुवारी दुपारी बायका तिथे विणायला जमतात. विणकामाशी माझा काडीचा संबंध नाही. मी जन्मभर मेंढ्या कातरल्या. त्या लोकरीचं पुढे काय होतं याची चौकशी कधी केली नाही. पण तिथला चहा चांगला असतो. नॉरिसही चहासाठीच येतो. हा नॉरिस निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायचा, त्यामुळे समोरचा जे बोलेल ते खोटं धरूनच चालायचं असं त्याच्या अंगवळणी पडलंय. माझ्यासमोर थेल्मा ब्रॅनिगन सुया घेऊन बसली होती. थेल्मा म्हणजे आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरात तारेचं एक कुंपण आहे, आणि ते इतक्या ठिकाणी वाकलंय की त्याला कुंपण म्हणायचं ते केवळ सवयीनं. माझी बायको मर्ल त्या दिवशी मुलीकडे कूमाला गेली होती, त्यामुळे मला जरा मोकळेपणा होता.

तेवढ्यात सिल्वी आत आली. ही शाळेतली नवी बाई, सिडनीहून आलेली. डोक्याला रुमाल, हातात झाडू, आणि चेहरा असा की आता रडेल की कुणाला तरी मारेल ते सांगता येईना.

"माझ्या घरात पतंग शिरलेत," ती म्हणाली.

"किती?" नॉरिसने विचारलं.

"मोजू कशी? पडदा झटकला तर अर्धा पडदा उडून गेल्यासारखं वाटलं! बुटात आहेत, उशीच्या अभ्र्यात आहेत, विजेच्या मीटरच्या पेटीत आहेत. सकाळी टोस्टर लावला, तर त्यातून ब्रेडच्या आधी तेच बाहेर आले."

"संध्याकाळी दिवे लावून बसतेस का गं?" थेल्माने विचारलं.

"मग मुलांच्या वह्या काय अंधारात तपासू?"

"मागच्या खोलीत तपास, पडदे घट्ट ओढून. व्हरांड्यातला पांढरा बल्ब काढ, पिवळा लाव. दिवसा पडदे बाहेर नेऊन झटक. आणि चिरडू नकोस हं, भिंतीवर तेलकट डाग पडतात ते जन्मात निघत नाहीत. आठवडाभर कळ काढ. उन्हाळा काढायला डोंगरातल्या गुहांकडे निघालेत ते. वाटेत तुझ्याकडे मुक्कामाला उतरलेत, एवढंच."

"माझी आजीने दिलेली शाल खाणार नाहीत ना?"

"लोकर खाते ती कसर वेगळी. हे बोगाँग पतंग. फुलातला रस प्यायचा आणि निघायचं, लोकरीला तोंड लावत नाहीत."

सिल्वीने झाडू भिंतीला टेकवला आणि सुस्कारा सोडला. गोष्ट तिथेच मिटली असती. पण मला ते पाहवेना.

"हे सगळं साध्या वर्षाला ठीक आहे," मी म्हणालो. "या हॉलला नवं छप्पर बसलं त्या वर्षी मात्र असल्या उपायांनी काही झालं नसतं."

"झालं सुरू," नॉरिस म्हणाला आणि त्याने स्कोनची बशी स्वतःकडे ओढली.

त्या वर्षी, मी सिल्वीला सांगितलं, पतंग उत्तरेकडून आले ते ढगासारखे नव्हे. ढग आरपार दिसतो. हे आले आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला. पोस्टमनने तर 'डोंगर हलवला की काय' म्हणून चौकशी केली. मॅगपाय पक्ष्यांनी ते इतके खाल्ले की त्यांना उडता येईना. रस्त्याच्या कडेने चालत जायचे, धापा टाकत, आणि गाडी आली की हात दाखवल्यासारखा एक पंख वर करायचे.

"गाडी थांबवायला?" सिल्वीने विचारलं.

"मग? चालवत नव्हतं त्यांना. मी स्वतः दोघांना दुकानापर्यंत सोडलंय."

"माझ्या बसमध्ये एकही चढला नाही," नॉरिस म्हणाला.

"तू थांबवली असशील तर ना!"

कातरायच्या शेडमध्ये काय झालं ते मी सांगणारच नव्हतो, पण सिल्वी ऐकत होती. मी एक मेंढी ओढली, गुडघ्यांत धरली आणि पोटावरून यंत्र फिरवायला घेतलं. लोकर कशी मऊ, कशी दाट, आणि रंग असा तपकिरी! मनात म्हटलं, हे काही आपल्याकडचं वाण नाही. अर्धी कातरून झाली आणि ती अर्धी भुर्रकन खिडकीतून उडून गेली.

"पतंग होते?"

"अंगावर बसलेले. थरावर थर."

"आणि उरलेली अर्धी?" नॉरिसने विचारलं.

"ती मेंढी होती."

थेल्मा हसली आणि तिचा एक टाका सुटला. तो परत उचलत ती म्हणाली, "तो भाग मला आवडतो. मागच्या वेळी ती गाय होती."

"गाय कोण कातरतं, थेल्मा? जरा विचार करून बोल."

असो. खरी गोष्ट त्या पतंगांची नाही. खरी गोष्ट आहे मर्लच्या केकची.

आमच्याकडे वसंतात शेतकी प्रदर्शन भरतं. मेंढे असतात, घोडे असतात, लाकूड फोडायची शर्यत असते, आणि पुरुषांना वाटतं की लोक तेच बघायला येतात. लोक येतात ते हॉलमध्ये स्पंज केकचं टेबल बघायला. त्या टेबलावर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लागली की त्या बाईला वर्षभर गावात वेगळ्या आवाजात हाक मारतात. आणि हा साधा केक नव्हे बरं का. वर साखर नाही, आयसिंग नाही, झाकायला काही म्हणजे काही नाही. उंची हवी, रंग सगळीकडे सारखा हवा, आणि केक गार करायला ठेवतात त्या जाळीची एक रेघ जरी वर उमटली, तरी परीक्षकबाई चष्मा काढून ठेवतात आणि पुढच्या बशीकडे जातात. त्या एका रेघेपायी बहिणी-बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलंय.

मर्ल दर वर्षी दुसरी यायची. आणि पहिली कोण? ही समोर बसलीय ती.

"माझा हात चांगला होता," थेल्मा म्हणाली. खोटी लाज तिला कधी जमली नाही.

"होता. म्हणूनच त्या वर्षी मर्लने ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. तिच्या आईने तिला बोलून दाखवलं होतं ना, की आपल्या घराण्यात दुसरी येणारी तू पहिलीच. ते तिला फार लागलं होतं."

थेल्माने विणता विणता मान हलवली. तिलाही ते माहीत होतं. तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं.

स्पंज केक ज्या दिवशी मांडायचा त्याच दिवशी सकाळी भाजावा लागतो, शिळा झाला की खांदे पाडतो. आणि शुक्रवारी, म्हणजे आदल्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरात पतंग असे भरले होते की मीठ मागितलं तर मिठाची बरणी हातात यायच्या आधी तीन पतंग हातात यायचे. पंखांची ती तपकिरी भुकटी पिठावर, ओट्यावर, लोण्यावर. मर्लने डाव हातात घेऊन मला दारापाशी उभं केलं.

"हॉरी टॉलहर्स्ट," ती म्हणाली. ती पूर्ण नावाने बोलायला लागली की मी टोपी काढतो. "उद्या सकाळी मी अंडी फेटायला घेईन तेव्हा या घरात एकही पतंग दिसता कामा नये. दिसला, तर तू शेडमध्ये झोपायला जायचं. उन्हाळाभर."

"मग काय केलंत?" सिल्वीने विचारलं. झाडूचा तिला विसर पडला होता.

आधी मी साबणाच्या पाण्याचं घमेलं बल्बखाली ठेवलं. पतंग उजेडाकडे येतात, पाण्यात पडतात, संपतात. सगळ्या पठारावर असंच करतात. हे आले, आणि सगळे घमेल्यात उतरून आंघोळ करून गेले. पंख असे लख्ख झाले की रांगेत बसले तेव्हा त्यांच्यावर बल्बचा उजेड चमकत होता. मग मर्लने कपाटातल्या लव्हेंडरच्या पिशव्या टांगल्या. त्या वासाने त्यांना गाढ झोप लागली आणि जे निघायच्या बेतात होते तेही राहिले. शेवटी मी पाद्रीबाबांकडून धूळ ओढायचं यंत्र आणलं, व्हॅक्यूम. चांगलं चाललं होतं. पण माझी एक चूक झाली. पिशवी भरली तरी मी थांबलो नाही. आतले सगळे पतंग जिवंत होते, सगळ्यांनी एकदम पंख हलवले, आणि यंत्र जमिनीवरून उठलं.

"आणि तुम्ही?"

"मी दांडा धरला होता ना! पाद्रीबाबांचं यंत्र, सोडून कसं देणार? पाण्याच्या टाकीवरून गेलो, कुंपणावरून गेलो, थेल्माच्या वाळत घातलेल्या चादरीवरून गेलो. वायर सॉकेटमधून निघाली तेव्हा कुठे खाली आलो."

"वायर निघाल्यावर खाली का आलास?" नॉरिसने विचारलं. "उडवत तर पतंग होते."

मी घाईने चहा मागितला.

चहा आला. मग मी त्यांना माझी युक्ती सांगितली. पतंग उजेडामागे येतो, तर त्याला उजेड दाखवून बाहेर न्यायचा. सूर्य मावळला तसे मी घरातले सगळे दिवे मालवले, चुलीचं दारही लावून घेतलं, आणि शेडमधला मोठा कंदील बाहेर कुंपणाच्या खांबाला टांगला. सिल्वी, तुला सांगतो, ते ओळीने बाहेर पडले. चेंगराचेंगरी नाही, ढकलाढकली नाही. कुलुपाच्या भोकातून एकामागून एक, आणि जाताना शेवटच्याने दार ओढून घेतलं.

"कुलुपाच्या भोकातून गेले ना? मग दार कसं ओढलं?"

"नॉरिस, तू बस चालवायचास तेव्हाही मुलं तुला कंटाळायची."

"आणि कंदील?" थेल्माने विचारलं. सुया चालूच होत्या, पण तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कंदील कुठल्या बाजूला टांगला होतास?"

"आमच्याच बाजूला. पण संध्याकाळी वारा सुटला."

"वारा."

"जोराचा होता. तो कंदील थोडा तुझ्या बाजूला सरकला."

"किती सरकला?"

"तुझ्या मागच्या दारापर्यंत."

हॉलमध्ये हशा पिकला. थेल्माने मान हलवली आणि 'चालू दे, चालू दे' अशी हाताने खूण केली. तिची ही खोड मला माहीत आहे. लहानसहान थापांसाठी ती कधीच विणकाम खाली ठेवत नाही.

तर पतंग गेले थेल्माकडे. मर्लचं स्वयंपाकघर असं स्वच्छ झालं की भांड्यात तोंड दिसावं. सकाळी उजाडताच तिने चूल पेटवली, चुलीतलाच ओव्हन तापला, तिने अंडी आणि साखर फेटायला घेतली. हाताने हं, यंत्राने नाही. फेस चढत चढत पातेल्याच्या काठाला आला. आमच्या कोंबड्यांनी महिनाभर पतंगांशिवाय काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे बलक असा केशरी की स्वयंपाकघरात दिवा लावायची गरज नव्हती. तिने पीठ वरून चाळलं, हळूच कालवलं, आणि आता भांड्यात ओतणार, एवढ्यात मागच्या दाराशी थेल्मा!

"मी?" थेल्मा म्हणाली.

"तूच. कडेवर पातेलं, केसांत पतंग. म्हणालीस, 'मर्ल, माझ्या ओव्हनच्या धुराड्यात पतंग भरलेत, चूल धूर ओकतेय, आणि माझी अंडी फेटून झालीत.'"

सिडनीच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून मी सिल्वीला समजावलं. फेटलेलं अंडं कुणासाठी थांबत नाही. त्यातली हवा निघत राहते आणि मिश्रण बसतं. म्हणून आमच्याकडे फेटलेलं पातेलं घेऊन कुणी दाराशी आलं की 'ये, बस, कशी आहेस' काही म्हणत नाहीत. आधी पातेलं, मग माणूस. भांडण असलं तरी. कोर्टात केस चालू असली तरी.

"मग?" सिल्वी पुढे सरकली. "ओव्हन एकच ना?"

"एकच. आणि त्यात एका वेळी एकच केक मावायचा. दोघींची पातेली तयार. जी थांबेल तिचं गेलं. आणि माझी मर्ल, जिला जन्मात एकदा ती निळी फीत हवी होती, आईचं बोलणं जिच्या काळजात काट्यासारखं रुतलेलं, तिने क्षणभर स्वतःच्या पातेल्याकडे बघितलं, क्षणभर थेल्माच्या. आणि म्हणाली, 'ठेव तुझं आत.'"

बायका खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागल्या. मला इतकं छान वाटलं की मी एक स्कोन उचलला.

"अगं बाई," कुणीतरी मागून म्हणालं.

"आणि मर्लचं मिश्रण?" सिल्वीने विचारलं. "बसलं असणार."

"बसत होतं. डोळ्यांसमोर बसत होतं. मर्लचा चेहरा मला बघवेना. मग मीच ते पातेलं उचललं, वर पातळ फडकं बांधलं आणि बाहेर कंदिलाखाली नेऊन धरलं. पतंग आले, फडक्यावर बसले, आणि अशी फडफड सुरू केली, अशी एका तालात, की खालच्या मिश्रणात वारा भरायला लागला. फडकं वर यायला लागलं. मी पातेलं घट्ट धरून ठेवलं. सोडलं असतं तर तेही टाकीवरून गेलं असतं. थेल्माचा केक झाल्यावर मर्लचा आत गेला, आणि असा फुगला की बाहेर काढायला ओव्हनचं दार बिजागरीतून उचकटावं लागलं."

"जाळीची रेघ?" नॉरिसने विचारलं. प्रदर्शन बघणाऱ्या माणसाचा प्रश्न होता, मला आवडला.

"जाळीला टेकला असता तर रेघ पडली असती ना! जाळीच्या बोटभर वर तरंगत होता."

"आणि परीक्षकबाई?"

"त्यांनी सुरी लावली, एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि खुर्ची मागितली. निळी फीत मर्लला. मर्लने ती आईला दाखवली तेव्हा म्हातारी काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'बरा झालाय.' त्या घराण्यात याहून मोठं कौतुक आजवर कुणाचं झालेलं नाही. मर्ल घरी आली ती गाणं म्हणतच, आणि ती फीत आजही आमच्या फ्रिजच्या दाराला आहे."

सिल्वीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. नॉरिससुद्धा स्कोन खाता खाता मान डोलावत होता. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सिल्वीने विचारलं, "आणि मिसेस ब्रॅनिगनचा केक? त्यांचा तर आधी आत गेला होता."

"थेल्माचा?" मी म्हणालो. "तो बसका झाला. आधी आत जाऊनही. नशीब बिचारीचं. हात उतरला असेल त्या वर्षी."

थेल्माने सुया खाली ठेवल्या.

"खोटं!" ती म्हणाली, आणि हॉलच्या नव्या छपरापर्यंत तिचा आवाज गेला. "साफ खोटं, हॉरी टॉलहर्स्ट! मेंढी घे, गाय घे, टाकीवरून उड, मी कधी हूं की चूं केलं का? पण माझा हात उतरला म्हणतोस? ऐक गं सिल्वी. या शहाण्याने कंदील टांगला तो स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला, पठारावरचे होते नव्हते ते सगळे पतंग ह्यांच्या धुराड्यात. केसांत पतंग आणि कडेवर पातेलं घेऊन जी दाराशी आली ना, ती मर्ल होती. दार माझं होतं. आणि माझा केक बसका झाला तो ओट्यावर थांबून थांबून, कारण मी तुझ्या बायकोचा आधी आत ठेवला. ओव्हन माझा होता, हॉरी!"